दोनशे मिलिमीटरचा खोटा दाखला

द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यांत आणि परदेशी अभ्यासदौऱ्याहून परतलेल्यांच्या भाषणांत एक दाखला हमखास येतो. अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांतात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी तिथली माल्बेक वाइन जगभर विकली जाते. मग आपल्या जत-कवठेमहांकाळला, सांगोल्याला त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस असताना आपण दुष्काळाचं रडगाणं का गातो? पाठोपाठ मेंडोझाचं छायाचित्र पडद्यावर येतं. मागे बर्फाची शिखरं, पुढे हिरव्यागार वेलींच्या सरळ ओळी, मध्ये करडी माती. सभागृह भारावून जातं. त्या सभागृहात बसलेल्या कुणीतरी पुढच्या हंगामात नव्या दोन एकरांवर मांडव घालण्यासाठी सोसायटीचं कर्ज उचललेलं असतं.

हा दाखला चुकीचा आहे. त्यातले आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चूक आहे आणि तो आपल्या कोरडवाहू तालुक्यांतल्या शेतकऱ्याचं थेट नुकसान करतो. म्हणून मेंडोझाचा हिशेब एकदा पूर्ण मांडायला हवा.

पहिली गोष्ट, मेंडोझाच्या बागा त्या २०० मिलिमीटरवर जगतच नाहीत. तिथल्या कोरड्या, तापत्या हवेत वेलीला एका मोसमात त्या पावसाच्या तिपटीहून अधिक पाणी लागतं. पडतो तो पाऊसही बहुतेक उन्हाळ्यात, वळिवासारखा, आणि त्याच्याबरोबर गारा येतात. म्हणून तिथे बागांवर गारपीटरोधक जाळ्या ओढलेल्या दिसतात. तिथला बागायतदार पावसाची वाट बघत नाही, त्याला पावसाची भीती वाटते. त्याचं सगळं पाणी पश्चिमेकडून, अँडीज पर्वतातून येतं. प्रशांत महासागरावरून येणारी हिवाळी वादळं पर्वतावर बर्फ टाकतात आणि पलीकडे अर्जेंटिनाच्या बाजूला उतरताना कोरडी होतात. हा बर्फ ६,९६१ मीटर उंचीच्या अकोंकाग्वासारख्या शिखरांच्या कुशीत, हिमनद्यांत आणि गोठलेल्या खडकांत साठतो. वसंतापासून तो वितळू लागतो आणि मेंडोझा, तुनुयान, दियामांते, आतुएल अशा नद्यांतून खाली येतो. एकट्या मेंडोझा नदीत सरासरी सेकंदाला ५० घनमीटरच्या आसपास पाणी असतं. ते पाणी डोंगराच्या पायथ्याशी अडवून पाटांत वळवलं जातं. प्रांताच्या एकूण क्षेत्रापैकी जेमतेम चार-पाच टक्के जमीन या पाण्याने भिजते आणि प्रांतातली जवळपास सगळी माणसं त्याच तुकड्यांवर राहतात. उरलेली पंचाण्णव टक्के जमीन खरोखर २०० मिलिमीटरवर जगते. तिथे द्राक्षं नाहीत. तिथे काटेरी झुडपं आणि शेळ्या आहेत.

तेव्हा तुलना करायची तर जतच्या ५०० मिलिमीटरची तुलना मेंडोझाच्या २०० मिलिमीटरशी होत नाही. ती करायची तर एका अख्ख्या पर्वतरांगेच्या बर्फाशी करावी लागेल. जतच्या पश्चिमेला अशी रांग नाही. जतला जे बाहेरचं पाणी मिळतं ते कृष्णेतून, म्हैसाळ योजनेच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवलेलं, वीजबिलावर आणि आवर्तनावर अवलंबून असलेलं. मेंडोझात पाणी उतारावरून आपोआप खाली येतं. आपल्याकडे ते पैसे मोजून वर न्यावं लागतं. एवढा एक फरक सांगितला तरी दाखला अर्धा गळून पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची आहे, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेंडोझात वेल मे ते ऑगस्ट झोपलेली असते. पानं गळून गेलेली, कडाक्याची थंडी, पाण्याची गरज जवळजवळ शून्य. नेमक्या त्याच महिन्यांत वर डोंगरात बर्फ साठत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोळे फुटतात, डिसेंबर-जानेवारीत ऊन सगळ्यांत कडक असतं आणि वेलीची तहान सगळ्यांत मोठी असते. नदीही त्याच दिवसांत सगळ्यांत भरून वाहते, कारण ऊन जितकं कडक तितका बर्फ जास्त वितळतो. मागणी आणि पुरवठा एकाच सूर्याने चालतात. फेब्रुवारी ते एप्रिल तोडणी होते आणि वेल पुन्हा झोपते.

आपल्याकडे काय होतं ते कुठल्याही बागायतदाराला विचारा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिथून पुढचे दोन महिने काडीत घडाचे डोळे तयार होण्याचे. पुढच्या वर्षीचं पीक या दिवसांत ठरतं आणि याच दिवसांत विहिरीचा तळ दिसतो, बोअरला हवा येते, कॅनॉलचं आवर्तन लांबतं. पाऊस येतो तेव्हा वेलीला त्याची गरज कमी आणि डाऊनी रोगाची धास्ती जास्त. मग ऑक्टोबरात गोड छाटणी, पुन्हा फुटवा, पुन्हा पाणी, आणि जानेवारी ते एप्रिल काढणी. म्हणजे आपली वेल वर्षात दोनदा वाढते आणि एकदा पीक देते. तिला मेंडोझासारखी झोप नाही. तिथल्या शेतकऱ्याचं साठवणीचं काम पर्वत फुकट करतो. आपल्याकडे ते प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्याने करायचं, आणि ते शेततळंही पुष्कळदा पावसाने न भरता बोअरच्या पाण्याने भरायचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात वाफ व्हायला ठेवायचं. तेही संपलं की टँकर. तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या भागात दुष्काळी वर्षांत टँकरने बागा जगवल्या गेल्या आहेत. आपल्या शेतकऱ्याच्या जिद्दीचं कौतुक करायचं तर जरूर करावं, पण त्या जिद्दीला मेंडोझाचं उदाहरण चिकटवू नये. मेंडोझाच्या शेतकऱ्याला ही जिद्द दाखवायची वेळच येत नाही.

यावर एक चाणाक्ष प्रतिवाद येतो. वेलीला ताण दिला की द्राक्ष गोड होतं, रंग भरतो, वाइनचा दर्जा वाढतो. तेव्हा पाण्याची टंचाई हा द्राक्षाला वरदानच आहे, असं सांगितलं जातं. यातला पहिला भाग खरा आहे. वाइनच्या द्राक्षाला ठरावीक टप्प्यावर दिलेला ताण मानवतो. मणी लहान राहतो, साल आणि रसाचं प्रमाण बदलतं. पण ताण देणं आणि पाणी संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या हातात पाणी आहे तोच ते रोखून धरू शकतो. मेंडोझाचा बागायतदार मण्यांना रंग चढू लागल्यावर झडप अर्धी मिटतो आणि गरज पडताच पुन्हा उघडतो. जतच्या शेतकऱ्याचा ताण त्याने ठरवलेला नसतो, तो बोअरने ठरवलेला असतो, आणि तो नको त्या आठवड्यात येतो. शिवाय आपल्या कोरडवाहू पट्ट्यातला फार मोठा भाग वाइनची द्राक्षं लावतच नाही. तो लावतो थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश. खायची द्राक्षं आणि बेदाणा. व्यापारी खायच्या द्राक्षाचा मणी मोजतो. तो फुगायला पाणीच लागतं. लहान मण्यांची वाइन महाग विकली जाते, लहान मण्यांची पेटी परत येते. माल्बेकचा नियम सोनाकाला लावणाऱ्याने या पिकाची बाजारपेठ एकदा जवळून पाहावी.

आता त्या पाटांकडे येऊ, कारण दाखला देणारे पाटांबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मेंडोझात ठिबक आहे, पण ते मुख्यत्वे १९९० नंतर डोंगराच्या वरच्या उतारांवर, युको खोऱ्यात, मोठं भांडवल घेऊन आलेल्या बागांत. जुन्या बागांचा मोठा भाग आजही पाटपाण्याने भिजतो. मुख्य कालवा, त्याच्या शाखा, चाऱ्या, आणि शेवटी वेलींच्या ओळींमधली सरी. शहरातल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांनाही उघडे पाट आहेत, आणि फुटपाथवरची दाट झाडं त्याच पाण्यावर वाढलेली आहेत. शेतात पाणी येतं ते बारीने. पाटकरी ठरलेल्या वेळी लोखंडी फळी वर उचलतो, ठरलेल्या वेळी खाली टाकतो, आणि रात्रीची बारी असेल तर शेतकरी फावडं आणि बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. खानदेशातल्या पांझरेकाठी ज्यांनी फड पद्धत पाहिली आहे त्यांना यातलं काहीही परकं वाटणार नाही. तिथेही बंधारा, पाट, पाटकरी, हवालदार आणि ठरलेली बारी.

या बारीमागे कायदा आहे. मेंडोझाचा पाणी कायदा १८८४ सालचा आहे आणि तो आजही त्या व्यवस्थेचा कणा आहे. त्याचं मुख्य कलम असं की पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. जमीन एकाला आणि पाणी दुसऱ्याला विकता येत नाही. प्रत्येक पाटावरचे शेतकरी आपला निरीक्षक निवडतात. नदीच्या पाण्याचा नवा हक्क द्यायचा तर प्रांतिक विधिमंडळाला कायदा करावा लागतो. भूजलासाठी १९७४ मध्ये वेगळे कायदे झाले. म्हणजे ज्या द्राक्षबागेचं छायाचित्र आपल्याला दाखवलं जातं तिच्या मागे जवळपास दीड शतकाची नोंदवही आहे: कोणत्या जमिनीला किती पाणी, कोणत्या पाटाने, कोणत्या वारी. आपल्याकडे शेजारच्याने ५०० फूट बोअर घेतला की आपण ७०० फूट घ्यायचा, हा कायदा आहे. मेंडोझातून काही आणायचं असेल तर वेलीची कलमं आणू नका, ती नोंदवही आणा, असं मी म्हटलं असतं. पण त्या नोंदवहीचंही एक काळं पान आहे, आणि ते वाचल्याशिवाय तिचं गुणगान करणं अन्यायाचं होईल.

मेंडोझाची रूढ कथा अशी सांगितली जाते की एकोणिसाव्या शतकात युरोपातून कष्टाळू माणसं आली आणि त्यांनी वाळवंटाचं नंदनवन केलं. १८५३ मध्ये फ्रेंच कृषितज्ज्ञ मिशेल पूजे यांनी मेंडोझात शेतीशाळा उभी केली आणि फ्रेंच वाण आणले, त्यांतच माल्बेक. १८६१ च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झालं आणि नव्याने वसलं. १८८५ मध्ये ब्युनॉस आयर्सहून रेल्वे आली, मागोमाग इटालियन आणि स्पॅनिश स्थलांतरितांचे लोंढे आले, इटालियन अभियंता चिपोलेत्ती याने मेंडोझा नदीवर बंधारा बांधला. हे सगळं घडलं आहे. पण यातली एकही गोष्ट सुरुवात नाही.

१५६१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मेंडोझा शहर वसवलं तेव्हा तिथे पाट होते. तिथल्या मूळ रहिवासी वारपे लोकांनी ते खणले होते. नदीचं पाणी वळवून ते मका, भोपळा, घेवडा पिकवत होते. स्पॅनिशांनी शहर तिथेच का वसवलं याचं कारण ते पाणी हेच आहे. आज शहरातून वाहणाऱ्या मोठ्या कालव्याला वारपे प्रमुख ग्वायमाय्येन याचं नाव आहे. ज्यांनी पाट खणले त्यांना मात्र वेठीला धरून अँडीज पलीकडे सान्तियागोला मजुरीसाठी नेण्यात आलं. जे उरले त्यांतले बरेच खाली, नदीच्या शेवटाकडे सरकले. तिथे ग्वानाकाचेची सरोवरं होती.

या सरोवरांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. मेंडोझा आणि सान हुआन या दोन नद्यांचं पाणी जिथे येऊन पसरायचं तिथे मेंडोझा, सान हुआन आणि सान लुईस या तीन प्रांतांच्या सीमेवर सरोवरांची आणि पाणथळीची मोठी साखळी होती. वारपे लोक लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून तराफे करायचे आणि त्यांवरून मासेमारी करायचे. ते मासे मेंडोझा आणि सान हुआन शहरांच्या बाजारात जायचे. पूर ओसरला की ओलसर गाळावर पेरणी व्हायची. वाळवंटाच्या मध्यावर माणसांचं एक भरलेलं जग होतं, आणि ते कुणी युरोपातून येऊन वसवलेलं नव्हतं.

मग वर द्राक्षबागा वाढल्या. रेल्वेने ब्युनॉस आयर्सची बाजारपेठ दारात आणली आणि दर हंगामात जास्त जमीन ओलिताखाली गेली. नदीचं पाणी वरच संपू लागलं. पाणी कायद्याने हक्क मोजला तो ओलिताच्या जमिनीवर. नदीच्या शेवटी असलेल्या सरोवराला, माशाला, लव्हाळ्याला वाटा ठेवला गेला नाही. विसाव्या शतकात ग्वानाकाचे आटलं. पाण्याबरोबर झाडंही गेली. त्या वाळवंटात अल्गारोबोची वनं होती. आपल्या शमीच्या कुळातलं हे झाड, खोल मुळांचं, चिवट लाकडाचं. द्राक्षांच्या मांडवाला खांब हवे होते, रेल्वेला आणि शहराला जळण हवं होतं. वर नदी वळवली, खाली जंगल तोडलं. बागा आणि वाळवंट एकाच वेळी वाढत गेले. मेंडोझातल्याच अभ्यासकांनी हे दाखवून दिलं आहे की ओलिताचा विस्तार आणि शेजारचं वाळवंटीकरण ही एकाच घटनेची दोन अंगं आहेत.

आज लावाय्ये तालुक्याच्या त्या भागात वारपे वंशज शेळ्या पाळतात. वस्त्या एकमेकींपासून कित्येक किलोमीटर दूर. विहीर हाताने खणलेली, तिच्या भिंती ढासळू नयेत म्हणून अल्गारोबोच्या लाकडांनी बांधून काढलेली. बादलीला दोर, दोर जनावराला, आणि जनावर चालत जाईल तसतशी बादली वर येते. वर येणारं पाणी बहुधा मचूळ, आणि त्या भागातल्या भूजलात आर्सेनिक आहे. १९९९ मध्ये ग्वानाकाचेचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समावेश झाला. २००१ मध्ये प्रांताने कायदा करून वारपे समाजांचं अस्तित्व आणि सात लाखांहून अधिक हेक्टर जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य केला. जमिनीचा हक्क कागदावर आला. नदी आली नाही.

आता सांगा, "कमी पाण्यात सोनं पिकवलं" हे वाक्य या माणसांसमोर उभं राहून कुणी उच्चारू शकेल का? मेंडोझाने कमी पाण्यात काही पिकवलेलं नाही. त्याने एक अख्खी नदी चार टक्के जमिनीवर गोळा केली आणि बाकीच्यांची नदी संपली.

आतुएलची कहाणी याच जातीची, पण तिथे वाद न्यायालयात गेला. ही नदी मेंडोझातून पुढे ला पाम्पा प्रांतात जायची. १९४० च्या दशकात एल निउइल धरण झालं आणि ला पाम्पातला प्रवाह तुटला. गावं ओस पडली. अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नदी आंतरप्रांतीय असल्याचं मान्य केलं, २०१७ मध्ये पुन्हा हस्तक्षेप केला आणि २०२० मध्ये सीमेवर सेकंदाला किमान ३.२ घनमीटर पाणी गेलं पाहिजे असं अंतरिम उद्दिष्ट घालून दिलं. धरणापासून या आकड्यापर्यंत सत्तरहून अधिक वर्षं लागली. वरच्याने एकदा पाणी घेतलं की ते परत मिळवायला खालच्याला किती काळ लागतो, याचं हे मोजमाप आहे.

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. पहिला: सरोवरं केवळ बागांमुळे आटली नाहीत. खालच्या नदीपात्राची धूप झाली, पाणी निचरून गेलं, नैसर्गिक बदलही झाले. मान्य. भूरचनेचा वाटा त्यात आहेच. पण नदी वर्षानुवर्षं पोचलीच नाही ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. दुर्बळ झालेल्या जागेचं शेवटचं पाणी कुणी काढून घेतलं हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेंडोझात अर्जेंटिनाच्या एकूण द्राक्षक्षेत्राच्या सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. हजारो लहान शेतकरी, तोडणीचे मजूर, वाइनरीतले कामगार, पर्यटन, सगळं त्यावर उभं आहे. हे सगळं मोडून टाकायचं का? नाही. मी वाळवंटातल्या द्राक्षबागांच्या विरोधात नाही. दिलेल्या पाण्यावर जास्तीत जास्त माणसं जगवणाऱ्या पिकांत वाइनचं द्राक्ष वरच्या ओळीत बसतं. त्याच पाटावर चारापीक घेतलं तर पाणी अधिक लागेल आणि रोजगार कमी मिळेल. उंचावरची थंड रात्र, भरपूर ऊन, कोरड्या हवेमुळे कमी रोग, वाळूसर जमिनीत मुळांवरच्या फिलोक्झेरा किडीचा कमी उपद्रव, म्हणून कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली, हे मेंडोझाचं खरं वैभव आहे आणि त्याचा हेवा वाटावा असंच आहे. माझा विरोध आहे तो हे वैभव फुकटात मिळालं असं सांगण्याला.

फुकटात ते आता तिथेही राहिलेलं नाही. २०१० पासून मध्य अँडीजमध्ये हिमवर्षाव दीर्घकाळ कमी पडला. प्रांताने वर्षामागून वर्षं जलआणीबाणी जाहीर केली. २००० नंतरच्या काळात पोत्रेरियोस धरण झालं तेव्हा साठवण वाढली, पण धरणात गाळ बसून खाली स्वच्छ पाणी येऊ लागलं. पूर्वी नदीचा गाळ कच्च्या पाटांच्या तळाला लिंपण करायचा. स्वच्छ पाणी ते लिंपण धुऊन जमिनीत मुरू लागलं आणि शेताच्या बांधापर्यंत पोचणारं पाणी घटलं. खालच्या टोकाच्या शेतांत क्षार वाढतात. वरच्या उतारांवर ठिबक गेलं आणि त्यामुळे पाणी वाचण्याऐवजी पूर्वी न भिजणारी जमीन बोअरच्या पाण्यावर भिजू लागली. हे शेवटचं वाक्य आपल्याकडच्या ठिबकप्रचारकांनी पुन्हा वाचावं. ठिबकने एकरी पाणी कमी लागतं. एकूण पाणी कमी लागेलच असं नाही. वाचलेल्या पाण्यावर नवे एकर आले तर नदी होती तिथेच राहते.

मेंडोझातल्या सामान्य माणसाला हे सगळं समजतं. २००७ च्या ७७२२ क्रमांकाच्या कायद्याने तिथे धातुखाणींत सायनाइड, पारा, गंधकाम्ल वापरायला बंदी घातली. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने ती बंदी सैल करणारा कायदा घाईने संमत केला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले. द्राक्ष उत्पादक, शिक्षक, विद्यार्थी, तोडणी उत्सवाच्या राण्यासुद्धा. मेंडोझाच्या पाण्याचा सौदा होणार नाही, ही त्यांची घोषणा होती. दहाच दिवसांत कायदा मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनात मला जे दिसतं ते असं: पाणी हे आपल्या वाइनचं पहिलं भांडवल आहे आणि ते सगळ्यांचं आहे, हे तिथल्या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलं. दाखला द्यायचा तर या समजुतीचा द्या. अर्थात हीच समजूत लावाय्येच्या शेळीपालकापर्यंत आणि ला पाम्पापर्यंत पोचली तरच ती पूर्ण म्हणायची.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. नाशिक आणि नगरच्या धरणांनी गोदावरीचं पाणी वर अडवायचं आणि जायकवाडीने वाट बघायची, हा आपला आतुएल आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या तुटीच्या समन्यायी वाटपाचं कलम आहे, म्हणून निदान पाणी सोडण्याचा आदेश निघतो. पण दर टंचाईच्या वर्षी तो आदेश निघताच वरच्या भागात मोर्चे निघतात आणि त्यांत द्राक्ष बागायतदार पुढे असतात. आपल्याच मातीत दुसरं उदाहरणही आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर टेलच्या शेतकऱ्यांनी, ओझरच्या लोकांनी, १९९० नंतर पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पुढे सगळा प्रकल्प शेतकऱ्यांच्या हाती आला. त्या पाण्यावर द्राक्षं आहेत, चांगली आहेत, आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं. हे करायला अभ्यासदौऱ्याचं विमान लागलं नाही.

मेळाव्यांच्या आयोजकांना, ठिबक आणि रोपं विकणाऱ्यांना, आणि कृषी खात्याच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. २०० मिलिमीटरचा आकडा पुन्हा वापरू नका. वापरायचाच असेल तर त्याच्याबरोबर बर्फ सांगा, पाटाची नोंदवही सांगा, आटलेलं ग्वानाकाचे सांगा आणि आतुएलचा निकाल सांगा. आणि ज्या गावात एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर येतो तिथल्या शेतकऱ्याला मेंडोझाचं नाव घेऊन नव्या बागेसाठी कर्ज काढायला लावू नका. ज्या दिवशी त्या गावाचं भूजल मोजलं जाईल, वाटलं जाईल आणि शेवटच्या विहिरीचा वाटा आधी बाजूला ठेवला जाईल, त्या दिवशी बागेचं बोला.